भंगारातनं लाईटसेबर : ल्यूकची मूठ घरच्या सामानातून कशी बनवायची

स्टार वॉर्स पिक्चरमधल्या ल्यूक या नायकाची लाईटसेबर, म्हणजे उजेडाचं पातं असलेली तलवार, ऑनलाइन मागवायला गेलं की किंमत बघून माणूस गप बसतो. पण गंमत अशी की ती मूळ मूठसुद्धा कुठल्या कारखान्यात खास डिझाइन करून बनवलेली नव्हती, ती जुन्या सामानातूनच जुळवलेली होती. १९७७ च्या पिक्चरला पैशाची ओढाताण होती, तेव्हा सेट डेकोरेटर रॉजर ख्रिश्चनला लंडनमधल्या एका फोटोग्राफीच्या दुकानात ग्राफ्लेक्स कंपनीच्या कॅमेरा फ्लॅशच्या जुन्या मुठी सापडल्या. १९४० च्या दशकात अमेरिकेतले प्रेस फोटोग्राफर मोठ्या कॅमेऱ्याच्या बाजूला जो फ्लॅश लावायचे, त्याची बॅटरीची नळी. त्यावर त्याने काळ्या टी आकाराच्या पट्ट्या चिकटवल्या, जुन्या कॅल्क्युलेटरच्या डिस्प्लेवर असते ती भिंगांची पट्टी बसवली, खाली पट्ट्यात अडकवायला डी रिंग लावली, झाली तलवार. ल्यूकचा गुरू ओबी-वान, त्याच्या मुठीत तर नळाची चावी आहे, वॉश बेसिनच्या नळाची! सोबत विमानाच्या जेट इंजिनचा तुकडा आणि जुन्या रायफल ग्रेनेडचा भाग. त्या पिक्चरच्या कला दिग्दर्शनाला पुढे ऑस्कर मिळालं आणि त्यात ख्रिश्चनचंही नाव होतं.

त्यामुळे सोलापुरात बसून ही मूठ बनवताना आपण काही जुगाड करतोय असं वाटून घेऊ नका, मूळ पद्धत हीच आहे. फक्त एक सवय लावून घ्यायची: वस्तूचं नाव विसरायचं आणि आकार बघायचा. दुकानात जाऊन "लाईटसेबरचं सामान हाय का" विचारलं तर लोक हसतील, पण "दीड इंची एसएस पाइपचा कटपीस" (एसएस म्हणजे स्टेनलेस स्टील) मागितला तर लगेच हातात मिळतोय.

पाइप, आणि फक्त पाइप

बाकी सगळं नंतर. पाइपचा व्यास चुकला तर पुढं कितीही कारागिरी करा, मूठ हातात घेतल्यावर खोटी वाटते.

मूळ ग्राफ्लेक्सच्या नळीत ३ मोठे सेल एकावर एक बसायचे, आपल्या जुन्या टॉर्चला लागायचे ते डी साइजचे. हा सेल साधारण ३३ मिमी जाड आणि ६१ मिमी लांब असतो, म्हणजे तिन्ही मिळून १८ सेंमीच्या वर गेले. त्यावर पत्र्याची जाडी धरा, म्हणून नळी बाहेरून जवळपास ३८ मिमी, म्हणजे दीड इंच. हा आकडा कुणी दिसायला छान म्हणून ठरवला नाही, तो सेलमुळे ठरला.

आता दीड इंची चकचकीत पाइप आपल्याकडे कुठं दिसतो? गॅलरीच्या नाहीतर जिन्याच्या स्टीलच्या रेलिंगला. तो बाहेरून ३८ मिमीच असतो. घराचं काम झालंय आणि माळ्यावर एखादा तुकडा पडलाय का बघा, नसेल तर अक्कलकोट रोडला एमआयडीसीकडं नाहीतर तुमच्या भागात जो कोण रेलिंग-गेटवाला असेल त्याच्याकडं जा आणि सरळ विचारा, "अण्णा, दीड इंची पाइपचा फूटभर कटपीस हाय का, १८ गेजचा?" १८ गेज म्हणजे सव्वा मिमीच्या आसपास जाडी. फूटभर तुकडा वजनाला ३०० ग्रॅमच्या थोडा वर भरतो आणि हातात तो भार बरोबर जाणवतो. १६ गेज मिळाला तरी चालतंय, कापायला जास्त घाम गाळावा लागेल एवढंच. खरेदी करताना खिशात एक मोठा सेल ठेवा आणि पाइपमध्ये सोडून बघा, थोडा सैल पण सरळ खाली गेला की पाइप योग्य.

दुसरा पर्याय बेसिनच्या बॉटल ट्रॅपचा भिंतीत जाणारा क्रोम पाइप. फूटभर लांब मिळतो, तोंडाला आयती कॉलर असते, दिसायलाही फार जवळचा आहे. पण तो ३२ मिमीचा असतो, म्हणजे सगळी मूठ साधारण ८४ टक्के साइजमध्ये करावी लागते. लहान मुलासाठी करताय तर हाच घ्या, त्यांच्या हाताला बरोबर बसतो. जुना काढलेला असेल तर आपल्याकडच्या जड पाण्यामुळे आत-बाहेर पांढरा थर धरलेला असणार, व्हिनेगरमध्ये फडकं भिजवून अर्धा तास गुंडाळून ठेवा आणि मग घासा. लोखंडी तारेची घासणी लावू नका, क्रोम जातंय.

पीव्हीसी पाइपला चंदेरी रंग मारून करणारेही आहेत. करा बापडे, पण हातात घेतलं की कळतंय.

मापं काढायची

पिक्चरचा स्पष्ट फोटो शोधा ज्यात मूठ एकदम आडवी, बाजूनं दिसतेय. प्रिंट काढा. आता फोटोत नळीची जाडी मोजा, समजा ती १९ मिमी आली. खरी जाडी ३८, म्हणजे फोटोतलं प्रत्येक माप दुप्पट. फोटोत लांबी १४० मिमी असेल तर खरी २८० मिमी. पट्ट्या कुठून सुरू होतात, क्लॅम्प कितीवर आहे, सगळं याच हिशोबानं काढून एका कागदावर पूर्ण साइजचं चित्र करून घ्या. एकूण लांबी २८ सेंमी धरली की काम भागतंय. नेटवर आयती मापं मिळतात, पण पहिल्या पिक्चरची आणि दुसऱ्या पिक्चरची मूठ थोडी वेगळी आहे आणि लोक दोन्हीची मापं मिसळून टाकतात, त्यामुळे एकच फोटो धरा आणि त्याच्याशीच प्रामाणिक राहा.

तिरकं तोंड कापणं

वरचं तोंड सरळ कापलेलं नसतं, तिरकं असतं. इथं बरेच जण अडकतात कारण गोल पाइपवर तिरकी रेघ पट्टीनं मारताच येत नाही. सोपी युक्ती सांगतो. पाइपच्या टोकाला कागदी मास्किंग टेप गुंडाळा, बादलीत पाणी घ्या (सोलापुरात राहत असाल तर पाणी आलेल्या दिवशी हे काम काढा, साठवलेल्या पाण्यात खेळायला बसलात तर घरचे बोलतील), त्यात थोडं कुंकू नाहीतर शाई टाका आणि पाइप फोटोतल्या कोनात तिरका धरून टोक बुडवा. जिथपर्यंत टेप रंगला ती तुमची कापायची रेघ, एकदम अचूक, कारण पाण्याचा पृष्ठभाग सपाट असतो. कोन ३० अंश धरला तर एक बाजू दुसरीपेक्षा २२ मिमी खाली येते, तेवढं ताडून बघा.

कापायला घरी हॅक्सॉ असेल तर बारीक दातांचं ब्लेड लावा. पातळ पाइपला मोठ्या दातांचं ब्लेड अडकतं आणि तुटतं. पाइप शिकंज्यात (व्हाइसमध्ये) धरायच्या आधी आत लाकडाचा गोल तुकडा नाहीतर घट्ट गुंडाळलेलं फडकं कोंबा, नाहीतर पाइप दाबून अंडाकृती होतो आणि मग तो काही परत गोल होत नाही. आणि खरं सांगायचं तर ज्या अण्णांकडनं पाइप घेतला त्यांच्याच चॉप सॉवर (पाइप कापायच्या मशीनवर) कोन लावून कापून घ्या, दोन मिनिटांचं काम आहे, आधीच रेघ मारून नेली तर ते नाही म्हणत नाहीत. ठिणग्या उडतात, चष्मा लावा, लांब उभे राहा.

कापल्यावर कड कोयत्यासारखी धारदार राहते. अर्धगोल कानस आतून-बाहेरून फिरवा, मग १२० चा पॉलिश पेपर, मग २२०. बोट फिरवून नाही, कापूस फिरवून तपासा, धागा अडकला की अजून घासायचंय.

भोकं

एसएसला भोक पाडणं म्हणजे कटकट. या धातूवर बिट न कापता नुसता घासला की तो अजून कडक होत जातो, त्यामुळे मशीन जोरात फिरवलं की बिट नुसता जागेवर घासत बसतो, चमकतो आणि जळतो. उलटं करायचं: आधी सेंटर पंचनं खूण ठोका, मशीन हळू फिरवा, दाब भरपूर द्या आणि खोबरेल तेलाचे थेंब सोडत राहा. आधी ३ मिमी, मग हवं तेवढं मोठं. कोबाल्टचा बिट मिळाला तर उत्तमच. ड्रिल मारताना हातमोजे घालू नका, बिटमध्ये अडकून हात ओढला जातो. मोजे फक्त पत्रा कापताना.

भोकं किती? वरच्या भागात लाल बटणाला एक, काचेच्या डोळ्याला (म्हणजे छोट्या गोल भिंगाला) एक आणि खाली टोपीत डी रिंगच्या कडीला एक. पट्ट्यांनाही स्क्रू मारायचे असतील तर तेवढी अजून, त्याचं पुढं सांगतो.

पट्ट्या

मूठ ओळखू येते ती काळ्या पट्ट्यांमुळे. जुनं कॉम्प्युटर टेबल किंवा शाळेतला बाक आठवा, त्याच्या कडेला जी प्लास्टिकची पट्टी ठोकलेली असते ना, जिचा एक पाय प्लायच्या खाचेत जातो, ती टी पट्टी. आपल्याला हवी तशीच. मोडलेलं टेबल भंगारात द्यायच्या आधी ती ओढून काढा. ती १८ मिमी रुंद असते, आपल्याला १२ च्या आसपास हवी, मग स्टीलच्या पट्टीवर धरून कटरनं दोन्ही बाजूंनी ३-३ मिमी उडवा. मागचा पाय पूर्ण कापून सपाट करा. लांबी ८ सेंमी ठेवा, पुढचं टोक फोटोत बघून किंचित उतरतं करा.

किती लावायच्या, यावर शौकीन लोक भांडतात, ६ की ७. मी ६ लावतो, कारण हिशोब सोपा पडतो. ३८ मिमी पाइपचा घेर ११९ मिमी, म्हणजे ६ पट्ट्यांना मधोमध ते मधोमध २० मिमी अंतर, पट्टी १२ ची तर मध्ये ८ मिमी मोकळं. ७ हव्या असतील तर १७ मिमी अंतर घ्या. पाइपवर थेट मोजत बसू नका, कागदाची पट्टी घेराएवढी कापा, सपाट टेबलावर त्याचे भाग पाडा आणि मग पाइपला गुंडाळून खुणा उतरवा. रेलिंग पाइपला लांबीभर वेल्डिंगची एक बारीक रेघ असते, उजेडात फिरवून शोधा आणि पहिली पट्टी बरोबर तिच्यावर बसवा. रेघ गायब.

चिकटवण्याबद्दल जरा थांबून वाचा, कारण आपल्याकडचं ऊन. फेव्हीबाँडसारखा डिंक दोन्हीकडं लावून दहा-पंधरा मिनिटं सुकू देऊन दाबला की मस्त धरतो, पण मे महिन्यात बंद गाडीत नाहीतर पत्र्याच्या खोलीत मूठ ठेवली की तो मऊ पडतो आणि पट्टीची टोकं उचलतात. फेव्हिक्विक तर नकोच, ते धक्क्याला सुटतं आणि वाळताना आजूबाजूच्या काळ्या प्लास्टिकवर पांढरट डाग सोडतं. अॅरल्डाइट (दोन भाग मिसळून लावायचा इपॉक्सी डिंक) वापरा, तेही सावकाश वाळणारं. चकचकीत एसएसला काहीच धरत नाही म्हणून पट्टीच्या खाली येणारा भाग १२० च्या पेपरनं खरवडा, थिनरनं पुसा आणि मग बोट लावू नका. वरनं सायकलच्या जुन्या ट्यूबचे रबर कापून आवळून बांधा आणि रात्रभर हलवू नका. ज्याला कायमचं हवंय त्यानं प्रत्येक पट्टीला एक छोटा काळा स्क्रूही मारावा.

क्लॅम्प

मुठीच्या वरच्या आणि खालच्या भागाच्या मध्ये जो रुंद पट्टा आणि बाजूला चौकोनी पेटीसारखं दिसतं तो क्लॅम्प. मूळ नळी दोन तुकड्यांची असते आणि तो जोड हा क्लॅम्प आवळतो. आपण पाइप एकच ठेवायचा, वर क्लॅम्प आला की जोड आहे का नाही कोण बघतंय.

यासाठी माझं आवडतं सामान म्हणजे ऑफसेट प्रेसची वापरलेली प्लेट. लग्नपत्रिका, कॅलेंडर छापणाऱ्यांकडं छपाई झाली की या अॅल्युमिनियमच्या पातळ प्लेटा रद्दीत जातात. कात्रीनं कापता येतात, एका बाजूला शाई असते ती आत करायची. २५ मिमी रुंदीची लांब पट्टी कापा, पाइपवर तीन फेरे गुंडाळा, प्रत्येक फेऱ्यात अॅरल्डाइटचा पातळ हात. तीन थरांनी जाडी येते आणि कड खऱ्या पत्र्यासारखी दिसते. शेवटचं टोक पेटीखाली लपवायचं.

पेटी मात्र घडी घालून करा: त्याच प्लेटवर उघडलेल्या काडेपेटीसारखा आराखडा काढा, कटरच्या मागच्या बाजूनं घडीच्या रेघा दाबा, स्टीलच्या पट्टीवर धरून वाकवा. आत एम-सील भरा म्हणजे दाबलं तरी चेपत नाही. एम-सील दोन्ही भाग एकसारखा रंग येईपर्यंत मळायचं, ओल्या बोटानं गुळगुळीत करायचं आणि अर्ध्या तासाच्या आत आकार द्यायचा. पेटीच्या तोंडाशी भिंगांच्या पट्टीला खाच सोडायला विसरू नका.

क्लॅम्पला एक छोटा खटका असतो. झाकण आवळायला तारेची कडी आणि खटका असलेली जुनी बरणी घरात असेल तर तोच खटका काढा. नसेल तर प्लेटचाच दुहेरी तुकडा वाकवा, लांबनं फरक कळत नाही.

भिंगांची पट्टी, बटण, डोळा

जुन्या लाल आकड्यांच्या कॅल्क्युलेटरमध्ये आकडे फार बारीक असायचे, ते मोठे दिसावेत म्हणून वरनं प्रत्येक आकड्यावर एक फुगीर भिंग. ते कॅल्क्युलेटर आता कुठं मिळायचे. पण घरातल्या औषधाच्या डब्यात बघा: गोळ्यांचं रिकामं पाकीट, वरनं पारदर्शक, बारीक गोल गोळ्यांचं. कॅप्सूलचं नको, लांबट दिसतं. एका ओळीतले फुगे सरळ कापा, मागचा चंदेरी कागद पूर्ण सोलून काढा, पाकीट उलटं ठेवून त्या खड्ड्यांमध्ये पारदर्शक इपॉक्सी भरा. भरताना काडीनं बुडबुडे फोडा. वाळलं की फुगे कडक होतात आणि खरंच भिंगासारखे काम करतात, खाली सोनेरी चॉकलेटच्या कागदाचा तुकडा ठेवलात तर आतनं चमक येते. अॅसिटोन किंवा थिनर या प्लास्टिकला लावू नका, धुरकट होतंय.

लाल बटणासाठी स्विच बोर्डवरच्या बंद पडलेल्या इंडिकेटरची लाल टोपी. त्यासाठी चालू बोर्ड उघडत बसू नका, इलेक्ट्रिशियनकडं जुने पडलेले असतात. डोळ्यासाठी बिघडलेल्या टॉर्चमधली सगळ्यात छोटी भिंग. दोन्ही आतून एम-सीलनं धरा, बाहेर डिंक दिसला की मजा जाते.

तोंडाच्या आतलं आणि खालची टोपी

तिरक्या तोंडातनं आत बघितलं आणि नुसती रिकामी नळी दिसली तर पचका होतो. आत जुना पितळी बल्ब होल्डर बसवा, पिना वरच्या बाजूला. पाइपमध्ये सैल बसला तर इन्सुलेशन टेपचे वेढे देऊन घट्ट करा आणि दोन सेंमी आत ढकला. मुळात तो कॅमेऱ्याचा फ्लॅशच होता, बल्बची जागा तिथंच होती, त्यामुळे हा होल्डर उगाच लावलाय असं वाटत नाही. तोंडाच्या कडेला वर आलेले दोन छोटे कान प्लेटच्या पट्टीतून यू आकारात वाकवून लावा.

खालून रेलिंगचीच दीड इंची बंद टोपी ठोकायची, रेलिंगवाल्याकडं पाइपसोबतच मिळते. तिच्यात भोक, त्यात छोटी कडी, कडीत डी रिंग. रिंग जुन्या शाळेच्या बॅगेच्या पट्ट्यात असते, नाहीतर बॅग आणि चेन दुरुस्त करणारा एक देतो. टोपी बसवायच्या आधी कडीचा नट आतनं आवळा, नंतर तिथं हात पोचत नाही.

फिनिशिंग

रेलिंग पाइपची चमक आरशासारखी असते, ती तशीच ठेवली तर मूठ रेलिंगच वाटते. हिरव्या स्क्रबरनं एकाच दिशेनं, लांबीच्या बाजूनं, हलकेच घासा. गोल गोल नाही. मग टर्किश टॉवेलच्या कटपीसनं पॉलिश, सोलापुरात त्याची काय कमी नाही.

जुनेपणा आणायचा तर काळा पोस्टर कलर भरपूर पाण्यात पातळ करून पेटीच्या कोपऱ्यांत, पट्ट्यांच्या कडेला, स्क्रूच्या खाचेत सोडा आणि लगेच पुसून घ्या. खाचेत राहील तेवढाच खरा. मूळ ग्राफ्लेक्स पितळेवर चकचकीत मुलामा चढवलेला असायचा, त्यामुळे घासलेल्या जागी पितळ दिसतं. आपल्याला सोनेरी मार्करचा एखादा ठिपका कडेला पुरतो. इथं हात आवरा. लोक जोशात येऊन मूठ गटारातनं काढल्यासारखी करतात, ल्यूकला ती मिळते तेव्हा ती पेटीत जपून ठेवलेली असते.

कुठं स्प्रे मारायचा असेल तर उन्हाळ्यात दुपारी बाहेर मारू नका. रंग हवेतच सुकतो आणि वस्तूवर खरखरीत भुकटी पडते. सकाळी सात-साडेसातला, वारा पडलेला असताना, सावलीत, पातळ थर.

पात्याचं म्हणाल तर सेटवर तेव्हा लाकडी दांडक्यावर उजेड परत फेकणारा टेप लावून तो मोटरनं फिरवायचे आणि चमक नंतर फिल्मवर रंगवायचे. आपल्याला दिवा लागणारं पातं हवंच असेल तर सोलापूरच्या गड्ड्याच्या यात्रेत मुलांच्या लाईटच्या तलवारी मिळतात, त्यातली सर्किट आणि नळी काढून आत बसवता येते, पण मग होल्डर काढावा लागतो आणि तोंडाची सगळी शोभा जाते. माझं मत विचाराल तर नको.

अजून एक, मूठ घेऊन प्रवासाला जाताना ती हातातल्या बॅगेत टाकू नका. दोन्ही बाजूंनी बंद, जड, वर लाल बटण असलेला स्टीलचा पाइप स्कॅनरमध्ये कसा दिसतो याचा विचार करा की. त्यासाठीच मी खालची टोपी अॅरल्डाइटनं न बसवता बाजूनं एका स्क्रूवर ठेवतो, म्हणजे कुणी विचारलं तर उघडून आरपार दाखवता येते. तोंडाकडचा होल्डरही नुसत्या टेपवरच घट्ट बसवलेला असतो, बोटानं मागनं ढकलला की बाहेर येतो.